मोसमाचा कौल

लग्नकार्य असो, घराचा पाया असो की कोर्टात लावावयाचा दावा असो, आमच्या गावात आधी देवीचा कौल घेण्याची रीत आहे. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात, आणि मग उजवी पाकळी आधी पडते की डावी, इकडे सारे कुटुंब डोळे लावून बसते. वकिलीच्या गेल्या वीस-बावीस वर्षांत आमचे कित्येक पक्षकार आमचा सल्ला घेऊन झाल्यावर देवीचा सल्ला घ्यावयास गेलेले आम्ही पाहिले आहेत. दोन्ही सल्ल्यांत भेद पडला, तर फी आम्हांस देऊन त्यांनी कौल देवीचा मानला आहे. याबद्दल आमची तक्रार नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे हे आधी कळावे, ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. आणि आमच्या धंद्याचे निम्मे उत्पन्न त्याच हौशीवर उभे आहे.

2024 च्या ऑगस्टात आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहिलो, तेव्हा असाच एक कौल तेथेही पाहिला. तो देवीचा नव्हता, फुटबॉलचा होता. आमची भाची त्या वेळी तेथील एका लहानशा कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या मुलींच्या संघात गोलरक्षक होती. त्या देशात फुटबॉल हे नाव हाताने चेंडू पळवावयाच्या एका दांडग्या खेळाला दिलेले आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तेथे सॉकर म्हणतात. आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी भाचीने आमच्या पाया पडून लगेच एक कागद हाती दिला. त्यावर आगामी मोसमात नऊ कॉलेजांपैकी कोणाचा संघ कितवा येणार, याचा अंदाज छापलेला होता. भाचीचा संघ पाचवा होता.

हा अंदाज कसा बांधतात याची आम्ही उलटतपासणी केली. तेथे आसपासच्या आठ-दहा कॉलेजांचे एक मंडळ असते. त्याला कॉन्फरन्स म्हणतात. मंडळातील संघांचे प्रशिक्षक मोसमापूर्वी मते देतात. बहुधा आपल्याच संघाला मत देता येत नाही, एवढा शहाणपणा त्यात ठेवलेला असतो. मते मोजली की यादी तयार होते. एकही सामना झालेला नसतो, एकही चेंडू जाळ्यात गेलेला नसतो. तरी पहिला कोण आणि नववा कोण हे ठरून जाते. आम्ही भाचीला म्हटले, की साक्षीपुरावा होण्यापूर्वीच निकाल देणारे हे कोर्ट आम्हांस पसंत नाही. ती हसून म्हणाली, “मामा, म्हणून तर सामने खेळायचे. ते अपील.”

तरीही तो अंदाज निराधार नव्हता. कॉलेजच्या खेळाडूस सामान्यतः चार मोसम खेळता येते. म्हणजे दरवर्षी संघाचा सुमारे चौथा हिस्सा पदवी घेऊन निघून जातो आणि तितक्याच नवख्या मुली येतात. जेथे चार वर्षांत संपूर्ण संघ बदलतो तेथे गतवर्षीच्या विजयाला फारसे मोल उरत नाही. पाहावयाचे असते ते कोण गेले आणि कोण राहिले. भाचीच्या संघाच्या बचावफळीतील चौघींपैकी तिघी गेल्या होत्या. मधली फळी शाबूत होती. आघाडीस चौथ्या वर्षाची एक चपळ मुलगी होती आणि तिच्यावर सर्वांची भिस्त होती. दोन वर्षे खेळलेली पहिली गोलरक्षकही पदवी घेऊन गेली होती, आणि तिची जागा आता आमच्या भाचीला मिळणार असे घरातील सर्वांनी धरले होते. बहिणीने तसे तोंडाने म्हटले नव्हते. पण सर्व सामन्यांच्या तारखा तिने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवल्या होत्या, आणि आपल्या कचेरीतील रजा त्याप्रमाणे मागून घेतल्या होत्या.

हा मोसम मोठा आटोपशीर असतो. ऑगस्टात सराव सुरू होतो, नोव्हेंबरात बहुतेकांचा मोसम संपतो, आणि डिसेंबरात राष्ट्रीय विजेता ठरतो. आठवड्याला बहुधा दोन सामने. सुरुवातीचे सामने मंडळाबाहेरच्या संघांशी ठेवतात. त्यांचे गुण मंडळाच्या तक्त्यात धरले जात नाहीत, म्हणून चांगला प्रशिक्षक मुद्दाम आपल्याहून बलवान प्रतिस्पर्धी निवडतो. कोठे भोक आहे ते सप्टेंबरात कळलेले बरे. ऑक्टोबरात कळून उपयोग नसतो. वकिलाच्या भाषेत सांगावयाचे तर सुरुवातीचा संघ हा कच्चा मसुदा असतो. त्यात खाडाखोड व्हावी हीच अपेक्षा असते. मसुदाच वाचून दस्तऐवजावर शेरा मारणाऱ्यांना मात्र त्या देशातही तोटा नाही.

सकाळी सहाच्या सुमारास आम्ही बहिणीबरोबर सराव पाहावयास जात असू. त्या राज्याचा ऑगस्ट आपल्या वैशाखासारखा असतो. दमट, वाराहीन, कपडे अंगाला चिकटविणारा. ऊन चढण्याच्या आत मुली धावून घेत, पाणी पीत, पुन्हा धावत. भाचीच्या कॉलेजच्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही असा नियम आहे. म्हणजे त्या मुली पैशासाठी घाम गाळीत नव्हत्या, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना पुढे या खेळावर पोट भरावयाचे नव्हते. कोणी परिचारिका होणार होती, कोणी शिक्षिका. आमच्या भाचीला रसायनशास्त्रात गती होती.

त्याच सुमारास, मोसमाच्या अगदी तोंडावर, त्या राज्यात एका बातमीने खळबळ उडाली. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक ॲन्सन डॉरन्स यांनी निवृत्ती जाहीर केली. 1979 साली तो संघ सुरू झाला तेव्हापासून ते त्याचे प्रशिक्षक होते. मुलींची पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा 1982 साली त्यांच्याच संघाने जिंकली. 1986 पासून 1994 पर्यंत सलग नऊ वर्षे विजेतेपद त्यांच्याकडे राहिले, आणि निवृत्तीपर्यंत अशा विजयांची संख्या 21 झाली. 1991 साली महिलांचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षकही तेच होते. वर्तमानपत्रात त्यांचे चरित्र वाचताना दोन गोष्टींनी आम्हांस थांबविले. एक, या गृहस्थांचा जन्म 1951 साली आपल्या मुंबईत झालेला. दुसरी, ते चॅपल हिल येथे कायद्याचा अभ्यास करीत असता फुटबॉल शिकविण्याचे काम पत्करून बसले, आणि कायद्याची पदवी अर्धीच राहिली. आमच्या धंद्यातून माणूस गेल्याने जगाचे भले झाल्याचे हे पहिलेच उदाहरण नसावे.

आता त्या संघाचे काय होणार, हा प्रश्न न्हाव्याच्या दुकानापासून भाजीबाजारापर्यंत आमच्या कानी आला. पंचेचाळीस वर्षे एका माणसाने बांधलेला संघ, आणि मोसम उंबऱ्यावर असता तोच नाही. त्यांचे सहायक डेमन नहास यांच्याकडे काम तात्पुरते सोपविण्यात आले होते. जाणती माणसे मान हलवीत होती. आमच्या गावी जुने पुजारी निवर्तले तेव्हा लोकांनी अशीच मान हलविली होती, याची आम्हांस आठवण झाली.

परंतु खेळाहून आमचे लक्ष कायद्याकडे अधिक गेले, हा आमचा स्वभावदोष समजावा. त्या देशातील मुलींच्या खेळाचे मूळ एका कायद्यात आहे. 23 जून 1972 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका दुरुस्ती कायद्यावर सही केली. त्याच्या नवव्या प्रकरणातील मुख्य वाक्य इंग्रजीत अवघ्या 37 शब्दांचे आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणकार्यात स्त्री वा पुरुष असण्यावरून कोणालाही वगळू नये, लाभ नाकारू नये, भेदभाव करू नये, एवढाच त्याचा आशय. त्या वाक्यात खेळाचे नावही नाही. तेव्हा देशभरच्या माध्यमिक शाळांत मिळून तीन लाखांहूनही कमी मुली खेळांच्या संघांत होत्या, आणि त्यांपैकी फुटबॉल खेळणाऱ्या केवळ सुमारे 700. पुढे 1979 साली सरकारने त्या वाक्याचा अर्थ खेळांच्या बाबतीत कसा लावावयाचा याची कसोटी प्रसिद्ध केली. चॅपल हिलचा संघही त्याच वर्षीचा. ज्या कॉलेजांत पुरुषांच्या त्या दांडग्या फुटबॉलचे शंभर-शंभर गडी होते, त्यांना आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काही घालणे भाग पडले. सॉकरला मैदान लागते, दोन जाळी लागतात आणि मुली पुष्कळ लागतात. हा हिशेब जमला. आज तिन्ही श्रेणी मिळून तेथील एक हजाराहून अधिक कॉलेजांत मुलींचे संघ आहेत, आणि माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुलींची संख्या साडेतीन लाखांपलीकडे गेली आहे.

हे आपोआप झाले असे कोणी समजू नये. 1984 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची व्याप्ती अतिशय आखडली, आणि 1988 साली विधिमंडळाला नवा कायदा करून ती पूर्ववत करावी लागली. एवढेच नव्हे, तर 1998 साली चॅपल हिलच्या संघातील दोघी माजी खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या अनुचित बोलण्याविषयी याच कायद्याखाली दावा लावला. 2007 साली अपील न्यायालयाने तो ज्यूरीपुढे जाण्यास योग्य ठरविला, आणि 2008 साली तडजोड होऊन प्रशिक्षकांनी क्षमा मागितली. ज्या कायद्याने संघ उभा केला त्याच कायद्याने संघातील मुलीला संघाविरुद्ध बोलण्याचीही जागा दिली. आम्ही दोन संध्याकाळी बसून ते निकालपत्र वाचले. बहीण म्हणाली, “दादा, सुट्टीवर आलास ना तू?”

पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी भाची सरावाहून परतली ती थेट आपल्या खोलीत गेली. जेवावयास बसल्यावर तिने सांगितले, की पहिल्या वर्षाची एक नवी मुलगी आली आहे, चांगली उंच आहे, उडी लांब आहे, आणि प्रशिक्षिकेने पहिली गोलरक्षक म्हणून तिला निवडले आहे. भाची राखीव राहणार होती. तिने हे सांगितले आणि ताटातील आमटी-भात कालवीत राहिली. बहीण काही बोलली नाही. भावोजींनी दह्याचे भांडे उगीचच इकडून तिकडे सरकविले.

बोललो ते आम्ही. दोन वर्षे इमानाने राखीव राहिलेल्या मुलीस डावलून नवखीस घेणे हे सेवाज्येष्ठतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. निवडीची कारणे लेखी मागितली पाहिजेत. पत्राचा मसुदा आम्ही आज रात्रीच करून देतो, असे आम्ही म्हटले. सगळे मुद्दे क्रमवार मांडले, एकूण पाच झाले. पाचवा मुद्दा संपला तेव्हा बहीण आमच्याकडे पाहत होती. ती रागावलेली नव्हती. फार जुने काही तरी आठवल्यासारखी ती पाहत होती, आणि काय आठवले असेल ते आम्हांस त्याच क्षणी कळले.

1997 सालची गोष्ट. आम्ही कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होतो, बहीण बारावीला. आमच्या देवळापुढे मोठा माळ आहे. पावसाळा ओसरला की तेथे संध्याकाळी गावचे मुलगे फुटबॉल खेळत. गोलात उभे राहावयास कोणीच राजी नसे, कारण गोल झाला की बोलणी त्यालाच खावी लागतात. अशा एका संध्याकाळी त्यांनी आमच्या बहिणीला उभी केली आणि पुढे तीच तेथे उभी राहू लागली. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या ती तळहातांना गुंडाळीत असे. भारताचे कर्णधारपद भूषविलेले आपले गोमंतकीय गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे वर्तमानपत्रातील एक छायाचित्र तिने वहीत चिकटवून ठेवले होते. 1970 च्या दशकात योलांडा डिसौझा ही गोव्याची मुलगी भारताच्या संघातून खेळली होती हेही तिला ठाऊक होते, आम्हांस नव्हते. त्या वर्षी तिच्या विद्यालयात मुलींचा संघ करावयाचे ठरले आणि एक शिक्षिका परवानगी मागावयास आमच्या घरी आल्या.

वडिलांनी चहा मागविला आणि आमच्याकडे वळून विचारले, “तू कायदा शिकतोस. तुझे काय म्हणणे?” आमचे म्हणणे विचारले जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. आम्ही मुद्दे मांडले, तेही पाच होते. बारावीची परीक्षा, परतावयास होणारा उशीर, खेळाचा तोकडा पोषाख, हातपाय मोडण्याचे भय, आणि उद्या सोयरीक जुळविताना लोक काय म्हणतील. त्या वर्षी आम्हांस राज्यघटना हा विषय होता. स्त्री-पुरुष म्हणून राज्याने भेद करू नये हा पंधरावा अनुच्छेद आम्हांस तोंडपाठ होता आणि परीक्षेत त्यावर आम्ही उत्तम गुण मिळविले. राज्याने करू नये एवढेच त्यात म्हटले आहे. थोरल्या भावाने करू नये असे म्हटलेले नाही. शिक्षिका चहा घेऊन निघून गेल्या. बहीण स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती आत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून माळावर गेली नाही. लुगड्याच्या पट्ट्या पुढे कित्येक दिवस आई दिव्याच्या काचा पुसावयास वापरी.

पत्र अर्थातच लिहिले गेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भाची नेहमीप्रमाणे उठून सरावाला गेली. आम्हीही गेलो. तिने हातमोजे चढविले नव्हते. ती नव्या मुलीसमोर चेंडू मांडून एकामागून एक फटके मारीत होती. उजवीकडे, डावीकडे, खाली, वर. नवी मुलगी उड्या टाकीत होती आणि चुकली की भाची तिला पाय कसा टाकावा ते दाखवीत होती. आम्हांस ते पाहवेना. सराव संपल्यावर आम्ही तिला विचारले, की बाकावर बसण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? ती घाम पुशीत म्हणाली, “मामा, मी संघात आहे म्हणून बाकावर आहे. संघात नसते तर घरी असते.” आणि पाण्याची बाटली उचलून मैत्रिणींकडे धावत गेली.

ऑगस्टच्या अखेरीस पहिला सामना झाला. प्रतिस्पर्धी बलवान होते. पूर्वार्धात नव्या बचावफळीची त्रेधा उडाली. एकदा दोघी एकाच चेंडूवर गेल्या आणि मागे मोकळे रान राहिले, तेथून गोल झाला. उत्तरार्धात मधल्या फळीने सामना धरला, आघाडीच्या मुलीचा एक फटका खांबाला लागून परत आला. शून्य विरुद्ध एक असा पराभव झाला. तीन दिवसांनी झालेला दुसरा सामना एक-एक असा बरोबरीत सुटला, आणि त्यात तीच बचावफळी पुष्कळ सावरली होती. दोन्ही सामन्यांत आमची भाची बाकावरून उठली ती केवळ ओरडावयास. ती फार ओरडत होती. मागून सारे मैदान दिसते, म्हणून कोणी कोठे सरकावे हे गोलरक्षकाने सांगावयाचे असते. ते काम ती बाहेरून करीत होती.

दुसरा सामना संपल्यावर बाकीचे लोक उठून गेले. आम्ही आणि बहीण पायऱ्यांवर बसून राहिलो. मैदानावरचे दिवे अजून विझले नव्हते. आम्ही धीर करून म्हटले, की 1997 साली आम्ही जे बोललो ते चुकले. सत्तावीस वर्षांनी दिलेला हा कबुलीजबाब मुदतीबाहेरचा आहे हे आम्हांस ठाऊक होते.

बहीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दादा, तू माझ्याविरुद्ध बोललास याचा राग मला कधीच आला नाही. बाबांनी तुला विचारले, तुला वाटले ते तू सांगितलेस. परीक्षा होती, उशीर होत होता, सगळे खरेच होते. पण त्या खोलीत माझ्या बाजूने कोण होते?” आणि मग आमच्या घरच्या बोलीत, अगदी हळू, “म्हाका कोणेंच विचारूंक ना.”

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निर्णय देऊ नये, हे न्यायाचे पहिले सूत्र. आम्ही ते शेकडो अर्जांत लिहिले आहे. त्याच्या आधारे परक्या लोकांचे निकाल फिरवून घेतले आहेत. ज्या एका खोलीत ते म्हणावयास हवे होते तेथे आम्ही दुसऱ्या बाजूचे वकील होतो, आणि तिची बाजू मांडणारे कोणी नव्हते.

परतीच्या विमानात आमच्या मनात आपल्या गोव्याच्या कायद्याचा विचार येत राहिला. 1867 चा पोर्तुगीज दिवाणी कायदा 1870 पासून येथे लागू झाला. त्यामुळे वडिलांच्या मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वारस, ही गोष्ट आपल्याकडे दीडशे वर्षांची जुनी आहे. 2012 च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही ती कायम राहिली आहे. आपण याचा अभिमान सांगतो, आणि तो योग्यच आहे. परंतु आमच्या टेबलावरून दरवर्षी किती हक्कसोडपत्रे जातात! बहिणी येतात, हसतमुखाने सही करतात, भावाच्या घरी जेवून परत जातात. आमच्या वडिलांच्या पश्चात आमच्या बहिणीनेही सही केली. मसुदा आम्हीच केला होता. त्या वेळी निदान नोटरीसमोर तिला विचारले गेले, की आपण हे राजीखुशीने करता ना? देवळापुढील माळावरचा तिचा वाटा सुटला तेव्हा एवढेही कोणी विचारले नाही. त्याचा दस्तऐवजही नाही.

मोसमाचे पुढे काय झाले ते वाचकांस सांगणे प्राप्त आहे. भाचीचा संघ मंडळात चौथा आला. कौल पाचव्याचा होता. ऑक्टोबरात नव्या गोलरक्षक मुलीचे बोट दुखावले आणि दोन सामन्यांत भाची खेळली. एकात तिच्यावर दोन गोल झाले, दुसऱ्यात एकही नाही. बहिणीने दूरध्वनीवर आम्हांस पहिल्या सामन्यातील दोन्ही गोल इतक्या तपशिलाने सांगितले, की दोष बचावफळीचा होता हे आम्हांस कबूल करावे लागले. चॅपल हिलचा संघ, ज्याच्याविषयी जाणती माणसे मान हलवीत होती, तो 9 डिसेंबर 2024 रोजी वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संघाचा एक-शून्य असा पराभव करून बाविसाव्यांदा राष्ट्रीय विजेता ठरला. अंतिम सामना त्याच राज्यातील केरी नावाच्या नगरात झाला. आपल्याकडेही केऱ्या आहेत, म्हणून ते नाव आमच्या ध्यानात राहिले.

आणि आता आमच्या गावची गोष्ट. 2025 च्या ऑक्टोबरात, पाऊस ओसरत असता, आमच्या देवस्थान समितीपुढे एक अर्ज आला. गावातील काही मुलींनी देवळापुढील माळ आठवड्यातून दोन संध्याकाळी फुटबॉलच्या सरावासाठी मागितला होता. फुटबॉल हा 2012 पासून गोव्याचा राज्यक्रीडाप्रकार आहे, असेही त्यांनी अर्जात नमूद केले होते. कोणी तरी चांगले शिकविले असावे. बैठकीत एका वडीलधाऱ्या महाजनांनी हरकतीचे मुद्दे मांडले. परीक्षा, उशीर, पोषाख, दुखापत आणि लोक काय म्हणतील. मनुष्य सज्जन आहे, देवीच्या पालखीला त्यांनी आयुष्यभर खांदा दिला आहे, आणि मुलींचे अनिष्ट त्यांच्या स्वप्नातही नाही. त्यांचे मुद्दे ऐकताना आम्हांस आमचाच आवाज ऐकू येत होता.

आम्ही एवढेच म्हटले, की अर्जदार बाहेर सभामंडपात बसल्या आहेत, त्यांना आत बोलवावे आणि विचारावे. समितीच्या बैठकीत मुलींना बोलाविण्याचा प्रघात नाही, असे मुखत्यार म्हणाले. नाही तर नाही, पण मनाईही कोठे लिहिलेली नाही, असे आम्ही दाखवून दिले. त्या दोघी आत आल्या, देवीकडे पाहून नमस्कार केला आणि उभ्याच राहिल्या. परीक्षेच्या महिन्यात सराव बंद ठेवू, दिवेलागणीपूर्वी घरी जाऊ, जत्रेच्या आधी पंधरा दिवस माळ मोकळा करून देऊ, हे त्यांनी आपण होऊनच सांगितले. वडीलधाऱ्या महाजनांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, की गोल कोठे रोवणार? तुळशीवृंदावनापासून दूर, त्या म्हणाल्या. एका मोसमापुरता ठराव मंजूर झाला.

तेव्हा या नव्या संघाच्या मोसमाचा अंदाज वाचकांपुढे ठेवून आम्ही रजा घेतो. अकरा हव्यात, त्या नऊ आहेत. दोघींकडे पायताण बरे नाही. आघाडीस एक मुलगी आहे, ती वाऱ्यासारखी पळते पण मान वर करून पाहत नाही. बचावफळी बोलत नाही. सगळ्या एकदम चेंडूमागे धावतात. गोलात उभे राहावयास कोणी तयार नव्हते, म्हणून सर्वांत धाकटीला उभी केली आहे. तिला चेंडूची भीती वाटते, तरी ती जागा सोडीत नाही. गेल्या आठवड्यात तिच्यासाठी अमेरिकेहून हातमोज्यांचा एक जोड आला. मापाला थोडा मोठा आहे. बहिणीने आत चिठ्ठी घातली होती, की सध्या मनगटाशी पट्टी बांधून वापरावा, वर्षभरात हात वाढेल.